कादंबरीतली बाई

लोणार, मंगळवार, दिवेलागण

दवाखान्यातून आल्या आल्या कादंबरी संपवली. बदली होऊन इथे आल्यापासून वाचनालयातलं हे तिसरं पुस्तक. हिमालयाच्या प्रवासाचं होतं ते अर्ध्यातच परत केलं. त्या लेखकाला डोंगरापेक्षा स्वतःचंच कौतुक जास्त. मधमाश्यांवरचं मात्र आवडलं, का कोण जाणे. आणि आता ही कादंबरी. शेवटी त्या बाईला लेखकाने मारलंच. मारलं तर मारलं, पण जवळ कोणी म्हणजे कोणी ठेवलं नाही. एवढा गोतावळा लिहिला होता, त्यातल्या एकाला तिच्या उशाशी बसवायला काय झालं होतं?

मी रडत बसले. दार उघडंच होतं. शेजारच्या गोदाबाई मेथीची जुडी द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काऊन रडून राह्यल्या, नर्सबाई? घरून तार आली काय?"

"नाही हो. पुस्तकातली एक बाई मेली."

हसतील असं वाटलं. त्या हसल्या नाहीत, आत येऊन टेकल्या. "कोणी होतं काय तिच्यापाशी?"

"कोणीच नव्हतं." सांगताना पुन्हा भरून आलं. मी नेमकी कोणासाठी रडत होते? तिच्यासाठीच का?

गोदाबाई उठून गेल्या. मला वेडी समजल्या असतील, असं वाटलं. थोड्या वेळाने ताटात पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

"आज चूल नका पेटवू," म्हणाल्या. "मयताच्या घरी शेजाऱ्यानंच जेवाले द्या लागते."

आणि माझं जेवण होईपर्यंत बसून राहिल्या.