आईच्या मनगटाबद्दल

दि. ११ मार्च

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आई बरी आहे, मीही धडधाकट आहे. तुझ्या खोलीत शिलाई मशीन ठेवलंय, पण पलंग जागचा हलवलेला नाही.

आईचं डायलिसिस तसंच, आठवड्यातून तीनदा. माझी प्रयोगशाळा रुग्णालयात खालच्याच मजल्यावर, म्हणून दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसते. पांघरुणावर पिवळसर ऊन येतं, मशीन एका लयीत घरघरत असतं आणि ती अर्धवट झोपेत बोलत राहते. परवा म्हणाली, आपलं घर पाण्यावर तरंगतंय आणि आपण तिघं खिडकीतून पाय सोडून बसलोय. क्षणभर माझ्याही तळव्यांना गार लागलं.

ऑक्टोबरात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. तिथे चार इवल्याशा ग्रंथी असतात. मूत्रपिंडं थकली की त्या चवताळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडतात. हाडं आतून पोखरली जातात, वरून पत्ता लागत नाही. लागतो तो रक्तातून. त्या ग्रंथींचं हार्मोन आणि हाडांतून येणारं एक एन्झाइम, दोन्ही आकडे एकदम चढले की समजायचं. आता दोन्ही उतरलेत. आई भिंत न धरता न्हाणीघरापर्यंत जाते.

हे सगळं शिकवणीसारखं का सांगतेय? पुढचं लिहायला हात धजत नाहीये म्हणून.

त्या सकाळी तू आईला खुर्चीतून उठवलंस आणि तिचं मनगट मोडलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "जनावरासारखं ओढलंस तिला." तू आठवड्याभरात घर सोडलंस.

ठोंब्या, तू ओढलं नव्हतंस. ते हाड नुसत्या आधारानेही मोडलं असतं. त्याआधी सहा महिने ते दोन्ही आकडे चढतच होते. तपासणी मीच करत होते, कागदांवर सही माझी. ती म्हणायची हाडं ठणकतात, मी म्हणायचे डायलिसिसवाल्या सगळ्यांचीच ठणकतात. डॉक्टरांना दाखवायचे कागद मी फाईलच्या तळाशी सरकवत गेले. ते ऑपरेशन सांगतील आणि आई टेबलावरून परत येणार नाही, एवढीच भीती. शेवटी नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाईल मागितली. त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि ऑपरेशन ठरवलं.

गेल्या आठवड्यात आईला सगळं सांगितलं. तिने डोळे मिटूनच ऐकलं.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्याला सांग."

ये म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. आई मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी एक ते पाच डायलिसिसला असते. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं कळव, त्या दिवशी मी वर येणार नाही.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
तुझी ताई