कार्डाचा ताप

३ मे १९९९, मुक्काम पोस्ट अष्टमी

पुन्हा तेच. डॉक्टरांच्या नव्या हॉस्पिटलचं मॉडेल स्क्रीनवर फिरवायला घेतलं. तळमजला झाला, जिना दिसायला लागला आणि हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. मग सगळं गप्प. माउस हलेना. बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. दुपारी उकाडा वाढला की जास्तच.

डॉक्टर १६ ला घरी येणार बघायला. "पाया खणायच्या आधी मला आतून फिरून बघायचंय," म्हणालेत. पसंत पडलं तर सगळी ड्रॉइंग माझ्याकडे. मग पनवेलचं ऑफिस सोडता येईल. रजा घेऊन बसलेय ती यासाठीच. आणि हा कॉम्प्युटर असा.

४ मे

दिनेशने शिफ्टला जायच्या आधी कॉम्प्युटरचा डबा उघडून टेबलफॅन समोर लावून दिला. जिन्याच्या पुढे गेलं, पण वरच्या मजल्यावर पट्ट्या आल्याच. आतल्या ग्राफिक्स कार्डावर चिपला चिकटवलेली ॲल्युमिनियमची वडी आहे. तिला बोट लावलं आणि भाजलं.

मामंजी खाटेवरून लेकाची नि माझी धडपड बघत होते. "ताप चढलाय गो त्याला."

पनवेलला ज्याने मशीन जोडून दिलं त्याला फोन. म्हणाला, ती वडी म्हणजे चिप थंड ठेवणारी हीटसिंक, कंपनीची लहान आहे, मोठी पंख्यावाली बसवा. पण जुनी डिंकाने पक्की बसलेली असते. काढताना चिप तुटली तर कार्ड गेलं, मी जबाबदार नाही.

तसलं कार्ड परत घ्यायचं म्हणजे... नकोच तो विचार.

शेजारच्या नाझियाभाभीकडे बोलले. तिचे मिस्टर अन्वरभाई बहारीनहून सुट्टीवर येतायत. तिने लगेच फोन लावला. त्यांना वाटलं मी मिक्सरचा पार्ट मागतेय.

८ मे

अन्वरभाई आले. बॅगेत अत्तर, दुधाची पावडर, मुलींचे फ्रॉक, आणि माझी हीटसिंक! मैसूरपाकाच्या मोठ्या वडीएवढी, वर इवलासा पंखा. भाभी म्हणाली, "लोक सोनं मागवतात गो. तू हे काय मागवलंस!" मी दिवसभर हातात घेऊन फिरतेय.

९ मे

फार वाईट दिवस.

पनवेलवाल्याने सांगितलं होतं, कार्ड फ्रीजरमध्ये ठेवा, डिंक कडक होऊन सुटतो. आमच्या फ्रीजरला जोर नाही, म्हणून भाभीच्या. दोन पिशव्यांत गुंडाळून पापलेटशेजारी. "वास लागला तर मला बोलू नको," भाभी.

दुपारी काढलं. फटीत घालायला पातळ पातं हवं होतं. मामंजींनी पेणहून आणलेली आपली हत्यारांची पिशवी सोडली. मूर्तीच्या बोटांमधली जादा माती खरवडायचं पातं काढलं. "दे इकडे," म्हणाले. होळीपासून इथे आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पिशवीला हात लावला. मला नाही म्हणवेना.

मी कार्ड धरलं. त्यांनी पातं सरकवलं, हलकेच पिळलं. टक्. जुनी वडी सुटली. मी ओरडलेच आनंदाने. पण पातं पुढे घसरलं आणि कार्डाच्या हिरव्या पाटीवर ओरखडा. बोटभर.

मामंजींनी पातं खाली ठेवलं. खाटेवर जाऊन आडवे झाले.

भिंगातून पाहिलं. ओरखडा एका बारीक तारेच्या रेघेवरून गेलाय. नुसता वरचा थर गेलाय की रेघ तुटलीय, कळत नाही. कार्डाला दव आलंय, सुकल्याशिवाय लावता येत नाही.

मामंजी जेवले नाहीत. "मला उद्या पेणला सोड. माझा हात गेला," एवढंच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात सगळे कारागीर रंग देतात, पण मूर्तीचे डोळे मामंजीच आखतात. आयुष्यभर तेच केलं. ऑपरेशन झाल्यापासून ब्रश धरलेला नाही. कारखान्यातून फोन येतात, तर दिनेशला सांगतात, झोपलोय म्हण.

पेणला जाऊन तरी काय करणार? रिकाम्या घरात.

१० मे

कार्ड सुकलं. लावलं. हीटसिंकशिवाय चालवायचं नसतं, पण क्षणभर चालू करून बघितलं. चित्र आलं!! लगेच बंद.

"मामंजी, आलं चित्र."

"माझं मन राखायला सांगतेस."

हात धरून आणलं, परत क्षणभर लावून दाखवलं. स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "ओरखडा तर हाय."

"हाय. पण वरचा रंगच गेलाय."

खुर्ची ओढून बसले. मग विचारलं, "पंखा कसा बसवणार ते सांग." पेणचं नाव नाही. चहा दोनदा घेतला.

११ मे

टीव्ही रिपेअरवाल्याकडून पांढरी पेस्ट आणली. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची. मामंजी म्हणाले, जाड लेप दे. मी म्हटलं, नाही, तोंडाला पावडर लावतो तेवढीच, जाड झाली तर उष्णता अडते. "असं?" म्हणाले. "आमचं उलटं."

नवीन हीटसिंकच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या कार्डाच्या भोकांत बसेनात. बाहेरच्या बाजूला पडतात. तारेने बांधू, मामंजी म्हणाले. तार नको, शॉर्ट होईल. मग त्यांनाच सुचलं: मासे धरायचा नायलॉनचा दोरा. अन्वरभाईंचा भाऊ धरमतरला मासे धरतो, त्याची एक गुंडाळी भाभीच्या घरात पडलेलीच होती. भोकांतून ओवून मीच बांधला. बरा वाटला.

चालू केलं. पंखा फिरला. मॉडेल फिरलं. वरच्या मजल्यापर्यंत गेलं आणि पट्ट्या.

रडूच आलं. दिनेश म्हणाला, डॉक्टरांना कागदावर दाखव. कागदावर काय, ते तर कुणीही दाखवतं.

१२ मे

सकाळी कार्ड काढून आडवं धरून बघितलं. हीटसिंक तिरकी! एक कोपरा शेजारच्या छोट्या डबीसारख्या पार्टवर चढलाय. चिपला अर्धवटच टेकते. बिचारी थंड करणार कशी.

सोडवली. अंगणात नेऊन कोपरा कानशीने घासला. घरात नाही, कीस कार्डावर पडला तर नवीन दुखणं. ब्रशने झाडली, पुसली. भाभीची मुलं बघायला जमली, त्यांना वाटलं मी चांदीचं काही घडवतेय.

आता सपाट बसते. पण दोरा. मी बांधला की एक बाजू ढिली. परत बांधला, दुसरी ढिली. बोटं जाड, जागा एवढीशी.

मामंजी बघत होते. मी काही म्हटलं नाही. मुद्दाम नाही म्हटलं. सांगितलं असतं तर नको म्हणाले असते.

बऱ्याच वेळाने, "धर तू. मी बांधतो."

काळा चष्मा काढला, जाड भिंगाचा लावला. दोरा भोकात घालायला गेले, चुकला. परत चुकला. मी कार्ड घट्ट धरून. ते थांबले, डोळे मिटले, हात मांडीवर पुसला. मग गेला. पुढे बोटं आपोआप चालली, चारही कोपऱ्यांना सारखा ताण, गाठ इतकी बारीक की दिसेना.

"हलव."

हलवलं. ढिम्म.

दुपारभर मॉडेल फिरवत ठेवलं. जिना, वरचा मजला, गच्ची, परत खाली. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि पट्टी नाही. हीटसिंकला बोट लावलं, कोमट. दिनेश आला तर आम्ही दोघं स्क्रीनसमोर. "सिनेमा बघताय काय?"

"हॉस्पिटलात हाय आम्ही," मामंजी म्हणाले.

रात्री सोलकढी केली होती. तीन वाट्या प्यायले!

१६ मे

डॉक्टर आले, बरोबर त्यांची बायको. बसायला जुना सोफा झाडून ठेवला होता, पण ते उभेच. स्क्रीनवर दारातून आत, नोंदणी, तपासणी, जिना. जिन्यात म्हणाले, थांबा. मला वाटलं आता गेलं. पण स्क्रीन ठीक, त्यांनाच थांबायचं होतं. "इथे स्ट्रेचर वळणार कसं?"

मी बघितलं. खरंच वळत नाही. इतके दिवस फिरवतेय आणि हे दिसलं नाही.

बायको म्हणाली, "बरं झालं आत्ताच दिसलं." डॉक्टर बराच वेळ आतून फिरत राहिले. जाताना, "भावांशी बोलून कळवतो." हो पण नाही, नाही पण नाही. चेहरा मात्र खूश होता. असं मला वाटतंय.

१८ मे

कारखान्यातून परत फोन. या वेळी मामंजींनी स्वतः घेतला. "येतो," म्हणाले. मग मला, "लहान मूर्ती घेईन एक, डोळे आखायला. कुणी नसेल तेव्हा. नाय जमलं तर परत येईन हिकडेच. चालेल ना गो?"

"खाट तिथेच आहे," म्हटलं.

दिनेश त्यांना एसटीत बसवून आला. डोळ्यांचे थेंब, चष्मा, डबा सगळं दिलं. पोचल्याचा फोन आला. मूर्तीचं मी विचारलं नाही.

डॉक्टरांचाही फोन नाही.

दुपारी मॉडेलमधला जिना पुसून टाकला. तिथे स्ट्रेचरसाठी उताराचा रॅम्प काढतेय. कुणी सांगितलेलं नाही अजून. पण वळण छान येतंय.