हंड्यांमागचा टीव्ही

बजाजनगर, मंगळवार संध्याकाळ

सापडलं एकदाचं! सासूबाईंच्या खोलीतला टीव्ही आज परत अडकत होता. हॉलमधला मात्र ठणठणीत. मग दोष गच्चीवरच्या डिशच्या छत्रीत कसा असंल? पण ह्यांनी उन्हात जाऊन ती फिरवलीच, आणि हॉलमधलाही घालवला. लई चिडले मी.

छत्री जागेवर आली, तेव्हा कुठं माझं लक्ष हंड्यांकडं गेलं. हॉलमधला मोठा बॉक्स आतल्या छोट्या बॉक्सला वायरीशिवाय चित्र पाठवतो, आणि बरोबर मधे भरलेल्या हंड्या-कळश्यांची उतरंड! सासूबाईंनी पाचोडला दुष्काळ काढलेला. नळ आला की घरातला तांब्यासुद्धा रिकामा राहत नाही. आज सकाळीच नळ आला होता. मागच्या वेळीही नळ आला त्याच दिवशी टीव्ही गेला होता की! हंडे सरकवले, तर चित्र लख्ख.

मी नाचायचीच बाकी होते. सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आता हंडे इकडंच ठेवू."

"नाय गं, होते तिथंच ठेव," त्या हसत म्हणाल्या. "टीव्ही गेला की मला पडल्या पडल्या कळतं, घरात पाणी हाय."