टीव्हीची भिंत

रुचिताचे बाबा,

मी एकोडीले भावाकडे धानाच्या रोवण्याले जाऊन राहिली. रागावून नाही गेली, पहाटेची बस आहे म्हणून तुमाले उठवलं नाही. भाजी झाकून ठेवली आहे, आबाजीले आधी वाढजा.

रुचितानं पाठवलेला टीव्ही लावाले मुन्ना दुपारी येते. भिंत तुमीच दाखवजा, मले तं काही समजूनच नाही राहिलं. बुद्धाच्या फोटोखाली लावला तर त्याच्याकडेच पाय पसरून पाहाल. समोरच्या भिंतीवर लावला तर फोटोकडे साऱ्यांची पाठ होते. दाराजवळ लावला तर आबाजीले खाटेवरून काहीच दिसत नाही. मी पेन्सिलीनं तिन्हीकडे खुणा केल्या अन् तिन्ही पुसल्या.

काल मुन्नानं इचारलं, "वहिनी, तुमी सारे बसता कुठं? त्या हिशोबानं उंची धरतो." आबाजी खाटेवर जेवते, तुमी अंगणात मोबाईल घेऊन, मी गॅसपाशी उभ्यानं. रुचिता नागपूरले गेली तेव्हापासून या खोलीत आपण संगं बसलोच नाही. पण मुन्नाले हे कसं सांगू? "उद्या सांगते" म्हटलं.

नाही, राहू द्या. भिंत दाखवू नका, मुन्नाले आज परतच पाठवा. खोकाही फोडू नका. मी संध्याकाळच्या बसनं येते. तवापर्यंत आबाजीची खाट मधात सरकवा अन् बाजूले चटई टाकून ठेवा. आज तिघं संगं जेवू. कुठं बसतो ते पाहू, मंग भिंत पाहू.

दीपमाला