अक्का – दहा वेळा

तीर्थरूप अक्का,

नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे, हे मी रीत म्हणून विचारत नाही. या पत्राचा विषयच तो आहे. आम्ही सगळे बरे आहोत.

गेल्या मंगळवारी सकाळी मी तुम्हाला दहा वेळा फोन केला, त्याचा खुलासा करणं भाग आहे. पहिल्या फोनला तुम्ही आनंदाने बोललात. दुसऱ्याला मी हवापाणी विचारलं. (सात मिनिटांत ते बदललेलं नव्हतं.) चौथ्याला तुम्ही घाबरून विचारलंत, की आता कोण गेलं? आणि आठव्याला शेजारणीला सांगत होतात, की बायको गेल्यापासून भाऊजींचं काही खरं नाही. फोनवर हात ठेवायचा तुमच्याकडून राहिला. माझा राग नाही.

त्याचं असं झालं. ही गेल्याला अडीच महिने झाले. भिंगरीला व्यायामाच्या केंद्रावर हीच न्यायची आणि घरचे व्यायामही हीच करून घ्यायची, कारण मुलगा-सून नऊला कामावर जातात. आता ते काम माझ्याकडे आलं. भिंगरीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे डोकं तल्लख, पण डोक्याने काढलेला हुकूम पायांपर्यंत धड पोचत नाही आणि पाय आपले ताठ. (आमच्या मोजणी खात्यात वरचे हुकूम असेच पोचायचे, त्यामुळे मला हे लवकर समजलं.) हिने व्यायामांची वही ठेवली होती. त्यात 'कुशीवर वळणे – ५ वेळा', 'टाचा ताणणे – ८ वेळा' आणि त्याखाली 'अक्का – १० वेळा'. मी जन्मभर कागदावर लिहिलं असेल तसंच करत आलेला माणूस. भिंगरीने हात उचलून फोन माझ्या कानाशी धरायचा, हा हाताचा व्यायाम असणार, अशी मी समजूत करून घेतली. दहावा फोन संपल्यावर ती सावकाश (तिचे शब्द सावकाशच येतात) म्हणाली, "आजोबा, अक्का म्हणजे फोन नाही."

आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, "मला बघायचं होतं, तू दहा पूर्ण करतोस का."

अक्का म्हणजे तुमचं जमिनीवरून उठणं. कृपा करून मनाला लावून घेऊ नका. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे रोवलेला, हात शेजारी बसलेल्याच्या खांद्यावर, अर्ध्यावर थांबून कुणाच्या तरी सुनेची बातमी आणि मग उभं राहणं. केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, की यातलं अर्ध्यावर थांबणं सगळ्यात मोलाचं, कमरेला ताकद त्यानेच येते. इतकी वर्षं तुमच्या त्या थांबण्याला आम्ही हसत होतो, ते चुकलंच.

हे उठणं आता फार गरजेचं झालं आहे. जवळच्या शाळेतली मुलं सतरंजीवर बसतात आणि उचलायला वेगळं माणूस नाही. भिंगरी बाकाला धरून आपली आपण उठली, तर पहिलीत घेऊ, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आहेत. येत्या सोमवारी त्या बघणार. हिच्याजवळ ती उठायची. ही गेल्यापासून एकदाही उठलेली नाही.

म्हणून शुक्रवारी केंद्रात मी स्वतः अक्का करून दाखवली. गुडघा टेकला, पाय रोवला, बाईंच्या खांद्यावर हात ठेवणं बरं दिसेना म्हणून स्टूल घेतलं. भिंगरीने मान हलवली. तुम्ही आधी गुडघ्याला 'ऊठ मेल्या' म्हणता, ते राहिलं होतं. अक्का, मी आजवर कुणाला मेल्या म्हटलेलं नाही, अगदी खात्यातसुद्धा नाही, आणि तिथे कारणं भरपूर होती. समोर आठ-दहा आईबाप. हळूच म्हटलं. भिंगरी म्हणाली, ऐकू नाही आलं. मग मोठ्याने म्हटलं. दारातला पहारेकरी स्टुलावर डुलक्या घेत होता, तो ताडकन उठला. एक आजोबा उठले. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाची आई उठून उभी राहिली. भिंगरी तेवढी सतरंजीवर बसून हसत होती, आणि बाई म्हणाल्या, की अडीच महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली.

असो. एवढाच खुलासा करायचा होता. तुम्ही काळजी करू नये, आणि गाडीचा प्रवास तर मुळीच करू नये. गुडघा जपावा.

आपला,
भिंगरीचा आजोबा

ता.क. भिंगरीचं म्हणणं पडलं, की माझी अक्का नक्कल आहे आणि तिला अस्सल बघायची आहे. रविवारपर्यंत येता आलं तर पाहावं.

ता.क. २. पत्र पाकिटात घालणार तोच भिंगरी कॉटला धरून उठली. गुडघ्याला मेल्या म्हणाली, अर्ध्यावर थांबली, सुनेची बातमी नव्हती म्हणून माझ्या मोज्याला भोक असल्याची बातमी दिली आणि उभी राहिली. तेव्हा सोमवारसाठी तुमची गरज उरलेली नाही.

ता.क. ३. वहीच्या शेवटच्या पानावर 'हे – २० अंक' असं आहे. हे म्हणजे मी, एवढं कळलं. भिंगरीने करून दाखवलं: पाठ ताठ, नजर भिंतीकडे, अवाक्षर न बोलता वीस मोजेपर्यंत स्वस्थ बसायचं. बाई म्हणतात, या मुलांना हेच सगळ्यात कठीण जातं. भिंगरीला छान जमतं. मला हल्ली बारापुढे जमत नाही. सोमवारी शाळा हो म्हणाली, तर दहा ते चार घरात मी एकटाच. परतीचं तिकीट इतक्यात काढू नका.