स्प्रिंग फुल टाइट

४ जून
सगळं बदललं ते कॉलेजच्या वादविवादात. मी फिजिक्सचा. ठणकावून सांगत होतो की ग्रह असोत की जनता, बळाशिवाय कुणी जागचं हलत नाही. ती राज्यशास्त्राची. उठली आणि शांतपणे म्हणाली, लोकांनी ऐकायचंच सोडलं तर राजाच्या हातात नुसती काठी उरते. टाळ्या. मी टेबलावर मूठ आपटली. टेबल शाबूत, करंगळी सुजली. त्या क्षणी प्रेमात पडलो आणि त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं.

निसर्ग आणि राजकारण, दोन्हींना पुरेल असा बळाचा एकच सिद्धांत आता मीच लिहिणार. तोवर मामाच्या दुकानात दारं बसवायची.

११ जून
ग्रंथाचं नाव ठरलं. मामा म्हणतो, आधी ड्रिल सरळ धरायला शीक.

तिला मेसेज केले. उत्तर नाही. काळजी नाही. क्रियेइतकीच प्रतिक्रिया येणार, तीही उलट दिशेनं, म्हणजे थेट माझ्याकडे. उशीर होतोय तो घर्षणामुळे.

१९ जून
तिचा फोन! दुकानात आला आणि मामानं घेतला, पण ते गौण. म्हणे वाऱ्यानं दार आपटतं, ऑपरेशन झालेली आई दचकते, डोअर क्लोजर हवाय. वारा ही सबब. गावात दारवाले काय कमी आहेत?

२० जून
बसवला. दार आपोआप लागतं, कितीही ढकला, आपटत नाही. मामानं बजावलं होतं, घरात आजारी माणूस आहे, स्प्रिंग सैल ठेव. मी फुल टाइट केली. दुबळं बळ हा बळाचा अपमान.

तिनं पाणी दिलं. बोटं लागली नाहीत. पण अंतर निम्मं झालं की आकर्षण चौपट.

२३ जून, सकाळ
पुन्हा बोलावलंय! शर्टाला इस्त्री केली. पहिलं प्रकरण (दीड पान) सोबत घेतोय.

२३ जून, संध्याकाळ
तिची आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाल्या, बाळा, जरा सैल कर रे. काल ही कॉलेजला गेली नि मला दार ओढवेना. शेजारीण बेल वाजवून वाजवून गेली, मी आतून नुसत्या हाका मारतेय. हसत सांगत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्क्रू फिरवत राहिलो. ती मागे उभी होती. हळूच म्हणाली, तुझे मेसेज आले की मलाही असंच कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून उत्तर देत नव्हते.

म्हणजे घर्षण नव्हतं.

आईंनी दोन बोटांनी दार उघडून पाहिलं. म्हणाल्या, आता कसं छान! तिनं विचारलं, पिशवीत ते कागद कसले? म्हटलं, काही नाही, दुकानाचे.

बाहेर पडलो. दार असं आपटणार होतो की जिना हादरला पाहिजे. दाराची मूठ धरून सगळा जोर लावला. पण क्लोजर मीच नीट बसवला होता. दार आपल्या चालीनं आलं आणि आवाज न करता लागलं.