गोळी बंद झाल्यानंतरची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, धंदा बायकांचे केस कापण्याचा (सध्या बंद), हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल तसं म्हणता येत नाही, पण कायदा शरीराबद्दल विचारत नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही, कुणी फूस लावलेली नाही आणि मी कुठल्याही गुंगीत नाही. सकाळी एक दुखण्याची गोळी घेतली आहे. तिने गुंगी येत नाही, आणि गुणही येत नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र. याआधी कधी केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

वकील म्हणाले, "बाई, एवढं खासगी लिहायची गरज नसते."

मी म्हटलं, "मालमत्ता थोडी आहे. कागद भरायला नको?"

मला सोरायसिस आहे आणि त्याच्याच पोटातून निघालेला संधिवात आहे. वरून कातडीला चट्टे आणि खपल्या, आतून सांध्यांना सूज. हा रोग शिवण्याने लागत नाही. हे वाक्य मी जन्मभर इतक्या लोकांना ऐकवलं आहे की इथे नाही लिहिलं तर चुकल्यासारखं होईल.

१. माझ्या कात्र्या. सगळ्या चांगल्या पोलादाच्या आहेत आणि अजून धार धरून आहेत. हॉस्पिटलात रुग्णांचे केस कापायला येणाऱ्या बाईला त्या द्याव्यात. माझ्या पूर्वीच्या भागीदारणीला एकही देऊ नये, तिने मागितली तरी. ती मागेल.

दुकान आम्ही दोघींनी काढलं होतं. आरसे तिचे, हात माझे. गिऱ्हाइकं हात बघून यायची. पुढे त्याच हातांवर चट्टे उठले. एकदा मी मानेवरचे केस उचलले आणि खुर्चीतल्या बाईने झटक्यात डोकं बाजूला घेतलं. भागीदारीण म्हणाली, "तू थोडे दिवस गल्ल्यावर बस." मग म्हणाली, "गल्ल्यावरही लोकांना दिसतं गं, तू घरूनच फोन घेत जा." मग फोनचा नंबर बदलला आणि पाठोपाठ पाटीही बदलली. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

२. कपाटातल्या वरच्या फळीवरची मलमं. ती आमच्या कातडीच्या जुन्या डॉक्टरांना परत करावीत. वर्षानुवर्षे ते चट्टा बघून मलम बदलत राहिले. शेजारच्या खोलीत हाडांचे डॉक्टर बसत. टाच दुखते म्हटलं की ते बुटात घालायची गादी द्यायचे, बोट सुजलं की पट्टी बांधायचे. दोघांमध्ये एकच भिंत होती, पण पलीकडे डोकावून विचारायचं कुणाला सुचलं नाही. तोवर माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकलं.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई मला फार उशिरा भेटल्या. त्यांनी आधी माझी नखं बघितली. त्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. म्हणाल्या, "हे कधीपासून?" मी म्हटलं, "मला वाटलं, रंग लावून लावून नखं खराब झाली." त्या नुसता माझा हात हातात धरून राहिल्या. त्या दिवशी मला दोन्ही दुखण्यांचं मिळून एकच नाव कळलं. या बाईंना मी काही ठेवत नाही, कारण त्या घेणार नाहीत.

३. बातम्यांच्या कात्रणांची फाइल. ही रद्दीत घालावी. कुणी उघडून वाचत बसू नये.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीने मला नुसती मळमळ दिली. मग इंजेक्शनं आली, ती काही काळ झकास चालली आणि मग शरीराने त्यांना ओळखून दाद देणं सोडलं. तेव्हापासून मला नव्या औषधांच्या बातम्या वाचायचा नाद लागला. दुसऱ्या बायका मालिका बघतात, तसं मी 'आशादायक निष्कर्ष' बघायची. अमुक रेणू अडवला, तमुक पेशी शांत केली, उंदरांची सूज उतरली. जगातला एकही उंदीर आता लंगडत नसेल. दर बातमीच्या शेवटी एक ओळ असायचीच, की बाजारात यायला अजून काही वर्षं लागतील. धाकटा भाऊ हसायचा. "ताई, तू वाचत बसतेस आणि शोध लावणारे निवृत्त होतात."

अशाच एका नव्या गोळीच्या चाचणीत डॉक्टरीणबाईंनी माझं नाव घातलं. गोळी खरी की खोटी, ते कुणालाच सांगत नाहीत. मला तिसऱ्या महिन्यात कळलं. लोणच्याच्या नव्हे, औषधाच्याही नव्हे, साध्या मिठाच्या बरणीचं झाकण मी फिरवलं आणि ते फिरलं. मी ते पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं. स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी हा खेळ किती वेळ केला, देव जाणे. पुढचं सव्वा वर्ष मी माणसात होते. पहाटे उठता यायचं. खुर्ची गॅलरीत मांडून मी इमारतीतल्या बायकांचे केस कापू लागले. कुणी डोकं बाजूला घेतलं नाही.

मग चाचणीच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, पुढच्या भेटीला येताना उरलेल्या गोळ्या घेऊन या."

"नवीन बाटली देणार?"

"नाही मॅडम, चाचणी बंद झाली आहे."

"गोळीत काही खोट निघाली का? कुणाला काही झालं?"

"तसं काही नाही. कंपनीने कार्यक्रम थांबवलाय. वरून निर्णय आलाय."

"अगं, पण मला गुण आहे ना!"

ती बिचारी हळूच म्हणाली, "बऱ्याच जणांना आहे."

कारण मला महिन्याभराने वर्तमानपत्रात सापडलं, आणि तेसुद्धा आरोग्याच्या पानावर नाही, शेअर बाजाराच्या. तशाच दोन-तीन गोळ्या दुसऱ्या कंपन्यांकडे पुढे निघून गेल्या होत्या, तेव्हा हिच्यात पैसा घालणं परवडणारं नव्हतं. एवढंच. माझी बोटं शेअर बाजाराच्या पानावर पुन्हा वाकली.

त्या पुढे गेलेल्यांपैकी एक गोळी आता दुकानात मिळते. मला नाही. माझं हृदय असं, आणि ती गोळी शरीराची रोगांपासूनची राखण उतरवते. "आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू," असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मग बघू.

४. माझा देह. तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. विद्यार्थ्यांनी हात सावकाश बघावेत आणि नखं आधी बघावीत. मात्र कुठल्याही औषध कंपनीला माझं नखसुद्धा मिळू नये. त्यांना माझं सव्वा वर्ष फुकट मिळालेलं आहे.

५. माझं राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत जे काही असेल ते. हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. वकिलांनी 'पुतणी' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी तिची आत्या आहे आणि आत्याला भाचीच असते. घर तिच्या एकटीच्या नावावर व्हावं. तिच्या बापाने त्यात हात घालू नये.

गॅलरीत तिचे केस कापताना मला तिची नखं दिसली. तेच खड्डे. मी भावाला सांगितलं, तर तो भडकला. "तुझं दुखणं माझ्या पोरीच्या गळ्यात बांधू नकोस. तिचं लग्न व्हायचंय." त्यानंतर त्याने माझ्याकडे येणं सोडलं आणि तिलाही येऊ दिलं नाही.

दोन वर्षांनी ती स्वतःच आली, भिंतीला धरून. "आत्या, सकाळी टाच टेकवत नाही. बाबा म्हणतात, चपला बदल."

मी तिला त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "वेळेवर आलात." हे शब्द माझ्या बाबतीत कुणी कधी उच्चारले नव्हते. तिला ती नवी गोळी सुरू झाली. दीड महिन्यात पोरगी माझ्या घरचे जिने धावत चढून वर आली. "आत्या, बघ!" म्हणत दारातच उड्या मारायला लागली. मी तिला जवळ घेतलं, आणि मला तिचा हेवा वाटला. तीस वर्षं अलीकडे जन्मायची अक्कल मला नव्हती, एवढाच आमच्यातला फरक. हे तिने वाचावं म्हणूनच लिहिते आहे. घर प्रेमाने दिलेलं आहे आणि हेवाही खरा आहे. तिने दोन्ही ठेवून घ्यावं, पण गोळी चुकवू नये.

६. माझा धाकटा भाऊ.

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, तो आला. इतक्या वर्षांनी आला तरी ऑपरेशनचं विचारलं नाही. बाही मनगटापर्यंत बटणं लावून बंद होती. ती तशीच असते, लहानपणापासून. त्याच्या कोपरांवरच्या खपल्यांना आम्ही घरात 'कोरडी कातडी' म्हणत आलो. बसल्यावर त्याने डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. अनामिका फुगून दुप्पट झाली होती.

"सोनाराकडून अंगठी कापून घ्यावी लागली," तो म्हणाला.

मी आधी त्याची नखं बघितली.

"ताई, ती गोळी... तुझ्या भाचीला देतात ती. कुठे मिळते?"

'माझ्या पोरीला' नाही, 'तुझ्या भाचीला'. मला खूप बोलता आलं असतं. चपला बदल, म्हणता आलं असतं. खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्याने बोट झाकायला दुसरा हात वर ठेवला, अगदी मी गल्ल्यावर बसून ठेवायची तसाच. मग मी उठून चहा ठेवला.

त्याला मी घर, पैसा, भांडीकुंडी यांतलं काहीही देत नाही. मात्र डॉक्टरीणबाईंकडे महिनाअखेरची वेळ माझ्या नावावर आहे, आणि त्यांच्याकडे नंबर लागायला कित्येक महिने जातात. मी ऑपरेशनमधून उठले नाही, तर त्या वेळेला माझ्या जागी त्याला पाठवावं. तसं मी त्यांच्या मदतनीस बाईंना सांगून ठेवलं आहे. उठले, तर वेळ माझी आहे. त्याने रांगेत नंबर लावावा.

या सगळ्याची अंमलबजावणी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी करावी. त्या कुणाला भीत नाहीत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. अंगठा उठवला तरी चालेल असं वकील म्हणाले. नको म्हटलं. सही केली आहे, वेळ लागला.

सही: (वाकडी आहे, पण माझीच)

साक्षीदार पहिली: सांध्यांच्या डॉक्टरीणबाई. बाईंची बुद्धी शाबूत असल्याचं मी तपासून लिहून देते.
साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. सही माझ्यासमोर झाली.

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार, सकाळी